शेवटची पुंजी केव्हां लावावी?

(नभोवाणीवरील भाषण)



हातांत भरपूर द्रव्य असतांना निर्णय घेणें फारसें कठीण नसतें. एक बेत फसला तर दुसरा करतां येतो. दुसरा फसला तर तिसऱ्यापुरतें कांहीं उरलेलें असतें. खरी परीक्षा होते ती पुंजी थोडकी उरल्यावर. जपून बसावें तर ती रोज थोडी थोडी झिजत जाते. एकदम लावावी तर एका क्षणांत सारेंच जाण्याची भीति. हा पेंच संसारांत आहे, व्यापारांत आहे. परंतु तेथें तो इतर शंभर गोष्टींत असा गुरफटलेला असतो कीं, त्याचें गणित मांडूं म्हटल्यास मांडतां येत नाहीं. पत्त्यांच्या एका खेळांत मात्र तो अगदीं स्वच्छ रूपानें समोर येतो, आणि त्याचें उत्तरहि बरेंचसें आंकड्यांत देतां येतें. तो खेळ म्हणजे अमेरिकेंत वाढलेला पोकर.

प्रारंभींच एक खुलासा केलेला बरा. पैसे लावून पोकर खेळा, असें सुचविण्याचा या भाषणाचा मुळींच हेतु नाहीं. गोव्यांत मांडवीच्या पात्रांतील जहाजांवर परवान्यानें चालणाऱ्या जुगारगृहांतून हा खेळ चालत आला आहे. उलट २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें इंटरनेटवरील पैशाच्या खेळांवर सबंध देशांत बंदी घातली. द्यूताचे दुष्परिणाम आपणांस नव्यानें सांगावयास नकोत. ऋग्वेदांतील अक्षसूक्तापासून ते सांगितले जात आहेत. तथापि पैशाऐवजीं चिंचोके मांडून खेळलें तरी या खेळांतील विचार तसाच राहतो, आणि आज आपल्याला त्या विचाराशींच कर्तव्य आहे.

खेळाची ओळख थोडक्यांत करून घेऊं. पोकरचे प्रकार अनेक. त्यांपैकीं ‘टेक्सस होल्डेम’ हा आज सर्वांत रूढ आहे. टेक्सस संस्थानांतील रॉब्सटाउन हें त्याचें जन्मस्थान मानतात. प्रत्येक खेळाडूला दोन पानें मिळतात व तीं त्यानें इतरांपासून झांकून ठेवावयाचीं. नंतर टेबलाच्या मध्यभागीं पांच पानें उघडीं मांडलीं जातात: प्रथम तीन एकदम, मग एक, मग आणखी एक. आपलीं दोन आणि मधलीं पांच अशा सात पानांतून ज्याचीं पांच पानें सर्वांत श्रेष्ठ ठरतील तो डाव जिंकतो. मात्र प्रत्येक टप्प्यावर रक्कम लावण्याची संधि असते. एकानें लावली कीं इतरांनीं तितकीच घालावी, वाढवावी, नाहींतर पानें टाकून डाव सोडावा. म्हणून या खेळांत जिंकण्याचे मार्ग दोन. एक, शेवटपर्यंत टिकून आपलीं पानें श्रेष्ठ ठरविणें. दुसरा, शेवट येण्यापूर्वींच बाकीच्या सर्वांना पानें टाकावयास लावणें. हे दोन मार्ग लक्षांत ठेवावे. कारण पुढील सर्व विवेचन त्यांवरच उभें आहे.

कोणी कांहीं लावलेंच नाहीं तर डाव रंगणार कसा? म्हणून प्रत्येक डावापूर्वीं दोघा खेळाडूंनीं पानें न पाहतांच ठराविक रक्कम मांडावयाची असते. तिला ‘ब्लाइंड’ म्हणतात. एक लहान ब्लाइंड, दुसरा त्याच्या दुप्पट. ही पाळी टेबलाभोंवतीं क्रमाक्रमानें प्रत्येकावर येते. शिवाय स्पर्धेच्या पुढच्या टप्प्यांत बहुधा सर्वांकडून एक लहानशी वर्गणीहि घेतली जाते. स्पर्धेंत प्रवेशाची रक्कम एकदां भरली कीं सर्वांना सारख्याच चकत्या मिळतात. चकत्या संपल्या कीं खेळाडू बाहेर. आणि ठराविक वेळानें ब्लाइंड वाढत जातात. पहिल्या तासांत जी पुंजी राजाची वाटे, तीच चौथ्या तासांत भिकाऱ्याची होते. तीच पुंजी, तेवढ्याच चकत्या. पण टेबलावर बसून राहण्याचें भाडें वाढलेलें असतें.

आणखी एक नियम सांगावयास हवा. समोरच्यानें आपल्या कुवतीपलीकडची रक्कम लावली म्हणून आपल्याला डावांतून हुसकतां येत नाहीं. आहे तितकें सारें लावून आपण डावांत राहूं शकतों. तेवढ्यापुरताच आपला हक्क, आणि जास्तीच्या रकमेचा निकाल इतरांनीं आपसांत लावावयाचा. असें सर्वस्व लावण्याला तिकडे ‘ऑल-इन’ म्हणतात. तें केल्यावर खेळाडूला पुढें करण्याजोगें कांहींच उरत नाहीं. पानें उलटत जातात आणि तो पाहत बसतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पुंजी थोडकी आहे, हें कशावरून ठरवावें? चकत्या मोजून तें कळत नाहीं. १२,००० चकत्या पुष्कळ कीं थोड्या, हें मांडणीचा खर्च किती त्यावर अवलंबून आहे. समजा, टेबलाशीं नऊजण बसले आहेत. लहान ब्लाइंड ५०० चा, मोठा १,००० चा, आणि प्रत्येकाची वर्गणी १००. म्हणजे दर डावाला कोणीं कांहीं करण्यापूर्वींच मध्यें २,४०० जमतात. आणि नऊ डावांची एक फेरी पुरी होईपर्यंत, एकहि डाव न खेळतां नुसते बसून राहिलेल्याच्या पुंजींतून तितकेच २,४०० जातात. १२,००० ला २,४०० नीं भागलें कीं उत्तर येतें पांच. पांच फेऱ्या, एवढेंच आयुष्य. १९९५ सालीं जागतिक स्पर्धेचें मुख्य विजेतेपद मिळविणारे डॅन हॅरिंग्टन यांनीं आपल्या ग्रंथांत या भागाकाराला पॉल मॅग्रील या गणिती खेळाडूच्या आडनांवावरून ‘एम’ हें नांव दिलें. हा आंकडा वीसाच्या वर असेतों खेळाडूला सारें कौशल्य दाखवावयास वाव असतो. दहा ते वीस या पट्ट्यांत तो वाव आंखडतो. सहाच्या खालीं आल्यावर मात्र हॅरिंग्टन यांच्या मतें हातीं बहुधा एकच शस्त्र उरतें, तें म्हणजे सर्वस्व लावणें. आणि आंकडा एकाच्याहि खालीं घसरला तर खेळाडू श्वास घेत असला तरी खेळाच्या दृष्टीनें मृतच.

लहान पुंजींत मधले मार्ग कां उरत नाहींत, हें समजणें कठीण नाहीं. ज्याच्याजवळ १२,००० आहेत त्यानें ३,००० लावून पाहिलें व समोरच्यानें आव्हान वाढवलें, तर मागें फिरणें म्हणजे पाव पुंजी फुकट टाकणें होय. ८,००० वाल्यानें ३,००० लावले तर बाकीचे ५,००० हातांत ठेवून तो काय साधणार? तो त्या डावाला बांधला गेलेलाच असतो. मग जें पुढें अपरिहार्यपणें लावावेंच लागणार, तें आधींच लावलें तर निदान समोरच्याला भीति तरी वाटेल. अर्धवट पाऊल टाकणाऱ्याच्या वांट्याला धोका पुरा येतो, धाक मात्र अर्धाच.

असें असूनहि बहुतेक खेळाडू थांबतात. ते म्हणतात, ‘जरा चांगलीं पानें येऊं देत, मग लावूं.’ या वाक्यांत शहाणपण भासतें. म्हणून त्याची झडती घेऊं. बावन्न पानांतून दोन पानें १,३२६ प्रकारांनीं येऊं शकतात. दश्शीची किंवा तिच्याहून वरची जोडी, अथवा एक्का आणि राजा, यांना चांगलीं पानें म्हणावें असें ठरविलें तर तसे प्रकार ४६ च आहेत. म्हणजे सुमारें एकोणतीस डावांत एकदां. नऊ डावांच्या एका फेरींत असें एकदां तरी घडण्याचा संभव शेंकडा २७. दोन फेऱ्यांत शेंकडा ४७. म्हणजे दोन फेऱ्या धीर धरणाऱ्याच्या पदरीं निम्म्याहून अधिक वेळां निराशाच येते, आणि तेवढ्यांत त्याचे १२,००० चे ७,२०० झालेले असतात. बरें, तीं सुंदर पानें आलीं, कोणीं आव्हान स्वीकारलें आणि डाव जिंकला, तरी ७,२०० चे दुप्पट १४,४०० होणार. दोन फेऱ्यांपूर्वीं जें जवळ होतें त्याहून थोडेंसेंच अधिक! थांबणें हा निर्णय नव्हे अशी आपली समजूत असते. वस्तुतः थांबणें हाहि निर्णयच, आणि त्याचे पैसे दर डावाला मोजावे लागतात.

परंतु झीज ही हानीची लहान बाजू झाली. मोठी हानि वेगळीच आहे, व ती चकत्यांच्या ढिगाकडे पाहून दिसत नाहीं. ती अशी कीं, पुंजी आटते त्याबरोबर तिचा धाकहि आटतो.

वरच्याच उदाहरणांत समजा कीं, सर्वांनीं पानें टाकलीं आणि आपल्या मागें फक्त दोन्ही ब्लाइंडवाले उरले. आपण १२,००० लावले. मोठ्या ब्लाइंडवाल्याचे १,००० आधींच मध्यें आहेत. आव्हान स्वीकारावयाचें तर त्याला आणखी ११,००० घालावे लागतील, आणि मिळण्याजोगे आहेत १४,४००. हिशेब केला तर शंभरांत त्रेचाळीसांहून अधिक वेळां जिंकण्याजोगीं पानें असल्याखेरीज त्यानें हात पुढें करूं नये. तशीं पानें नेहमीं नसतात. म्हणून तो बहुधा पानें टाकतो. आतां हेंच आपण ३,००० उरेपर्यंत थांबून केलें असतें तर? त्याला घालावयाचे फक्त २,०००, मिळण्याजोगे ५,४००. शंभरांत सत्तावीस वेळां जिंकलें तरी त्याचें नुकसान नाहीं. आणि एवढी पात्रता जवळजवळ कोणत्याहि दोन पानांत असते. तो हंसत स्वीकारील. जिंकण्याच्या दोन मार्गांपैकीं एक, म्हणजे समोरच्याला पानें टाकावयास लावण्याचा, आपण स्वतःच्या हातानें बंद करून घेतला. उरला तो केवळ पानांचा, म्हणजे दैवाचा.

या पहिल्या मार्गाची किंमत केवढी, हेंहि आंकड्यांत पाहूं. समजा, १२,००० लावल्यावर मागचे दोघेहि पानें टाकण्याचा संभव शेंकडा ७० आहे. आणि मोठ्या ब्लाइंडवाल्यानें आव्हान स्वीकारलेंच, तर आपलीं पानें इतकीं साधारण आहेत कीं शंभरांत पस्तीसच वेळां आपण जिंकूं. स्वीकारल्यास मध्यें एकंदर २५,४०० होतात. त्यांत पस्तीस टक्क्यांनीं आपला वांटा ८,८९०. लावले १२,०००, म्हणजे अशा वेळीं सरासरी ३,११० चा तोटा. पण हें शंभरांत तीसच वेळां घडतें, म्हणून तोट्याचा भार ९३३. उलट सत्तर वेळां २,४०० बिनविरोध पदरांत पडतात. त्याचा लाभ १,६८०. जमाखर्च मांडल्यावर प्रत्येक वेळीं सरासरी ७४७ चा फायदा. आव्हान स्वीकारलें गेल्यास तिनांतून जवळजवळ दोनदां हरणारीं पानें, आणि तरीहि कृति लाभाची! खेळाडूला लाभ पानांनीं दिला नाहीं. समोरच्याला पानें टाकावयास लावण्याइतकी पुंजी अजून जवळ होती, तिनें दिला.

येथून दुसरें सूत्र निघतें. सर्वस्व प्रथम लावणारा आणि तें आव्हान स्वीकारणारा, या दोघांची स्थिति सारखी नाहीं. पहिल्याला जिंकण्याचे दोन मार्ग, दुसऱ्याला एकच. म्हणून डेव्हिड स्क्लान्स्की हे ग्रंथकार आग्रहानें सांगतात कीं, डाव उघडण्यास जीं पानें पुरतात त्यांहून सरस पानें तो स्वीकारण्यास हवीं. ज्या एक्का-नव्वीवर आपण निःशंक सर्वस्व लावावें, त्याच एक्का-नव्वीवर दुसऱ्यानें लावलेलें सर्वस्व स्वीकारणें पुष्कळदां मूर्खपणाचें ठरतें. २००६ सालीं बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन या गणितज्ञांनीं आपल्या ग्रंथांत हेंच समीकरणांनीं दाखविलें. दोघेच खेळाडू उरले असून लहान पुंजी दहा मोठ्या ब्लाइंडांइतकी असली, तर लहान ब्लाइंडवर बसलेल्यानें निम्म्याहून अधिक वेळां सर्वस्व लावावें, आणि समोरच्यानें मात्र निम्म्याहून कमीच वेळां स्वीकारावें, असा हिशेब निघतो.

तिसरा विचार जागेचा. नऊजणांत सर्वांत आधीं बोलण्याची पाळी आपली असली, तर मागें आठजण आहेत; त्यांपैकीं कोणाजवळ तरी वर सांगितलेल्या ४६ प्रकारांपैकीं एखादा असण्याचा संभव जवळजवळ चारांत एक. लहान ब्लाइंडवरून मात्र मागें एकटाच उरतो, आणि त्याच्याविषयीं हाच संभव शेंकडा साडेतीन. म्हणून पहिल्या जागेवरून मधल्या दर्जाच्या व मोठ्या जोड्या आणि एक्क्याबरोबर राजा किंवा राणी एवढ्यांवरच भरंवसा ठेवावा. शेवटच्या जागांवरून कोणतीहि जोडी, कोणताहि एक्का, दोन चित्रांचीं पानें, एवढेंच नव्हे तर एकाच रंगाची नव्वी-अठ्ठीसुद्धां चालते. या नव्वी-अठ्ठीविषयीं कोणास नवल वाटेल. परंतु समोर एक्का-राजा निघाला तरी ती शंभरांत सुमारें चाळीस वेळां जिंकते. उलट दुबळ्या सोबत्याचा एक्का अधिक बलवान् सोबत्याच्या एक्क्यासमोर आला तर बहुधा तीसच्याहि आंत राहतो. दिसण्यांत मोठें पान नेहमींच कामांत मोठें असतें असें नाहीं.

चौथा विचार माणसांचा. मागें बसलेला कोण? ज्याच्याजवळ डोंगराएवढा ढीग आहे त्याला आपले १२,००० गेले काय नि आले काय. तो केवळ कुतूहलानेंहि स्वीकारील. ज्याची पुंजी आपल्याहूनहि क्षीण आहे तो निरुपायानें स्वीकारील. खरा भितो तो मधला, ज्याला हरल्यास जखम खोल होणार आहे आणि सोडल्यास कांहीं बिघडणार नाहीं. सर्वस्व लावावें तें शक्यतों अशा माणसासमोर. शिवाय जो तासभर मुकाट बसला होता त्याच्या शब्दाला पहिल्या वेळीं वजन असतें. तेंच त्यानें लागोपाठ तिसऱ्यांदां केलें कीं लोक त्याचीं पानें पाहावयास उत्सुक होतात.

दुबळ्या पानांवर जोर दाखविणें ही लबाडी नव्हे काय, असा प्रश्न येथें एखाद्या सज्जन श्रोत्याच्या मनांत येईल. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञानें १९२८ सालच्या आपल्या निबंधांत खेळांच्या शास्त्राचा पाया घातला आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत पोकरच्या एका सोप्या रूपाचा विचार केला. त्यांत निष्पन्न झालें तें असें कीं, हूल देणें हा खेळाडूच्या स्वभावाचा दोष नसून उत्तम खेळाचा आवश्यक भागच आहे. जो केवळ उत्तम पानांवरच बोलतो, त्याचें मौन आणि त्याचें बोलणें दोन्ही इतरांना वाचतां येतात.

आतां अशा एका प्रसंगाचा उल्लेख करावयास हवा, कीं ज्याचा आधार थांबणारे लोक नेहमीं घेतात. लास व्हेगास येथें बिनियन यांच्या ‘हॉर्सशू’ जुगारगृहांत १९७० पासून जागतिक स्पर्धा भरूं लागली. १९८२ सालीं तिच्या मुख्य सामन्यांत १०४ खेळाडू होते. त्यांत जॅक स्ट्राउस नांवाचा एक धिप्पाड खेळाडू सर्व चकत्या गमावून उठला. पण उठतां उठतां त्याला ५०० ची एक चकती कागदी रुमालाखालीं राहिलेली सांपडली, असें सांगतात. सर्वस्व लावल्याचें त्यानें तोंडानें म्हटलें नव्हतें, म्हणून त्याला खेळूं दिलें गेलें. त्या एका चकतीपासून तो चढत गेला आणि अखेर ती स्पर्धा जिंकून ५,२०,००० डॉलरांचें पारितोषिक त्यानें मिळविलें. तेव्हांपासून ‘एक चकती आणि एक खुर्ची’ ही तिकडे म्हणच पडली. या कथेचा बोध लोक असा घेतात कीं, शेवटच्या चकतीपर्यंत तग धरावा. परंतु स्ट्राउस त्या चकतीवर तग धरून बसला नव्हता. ती हातीं लागतांच त्यानें ती डावावर लावली. आणि दुसरें असें कीं, एका चकतीवरून उठलेला एक स्ट्राउस आपल्याला ठाऊक आहे. एका चकतीपर्यंत थांबून निमूटपणें घरीं गेलेल्यांचीं नांवें कोणी लिहून ठेवीत नाहीं. निराशेंत आशा सोडूं नये हें खरें. पण ती स्थिति मुद्दाम ओढवून घ्यावी, असा त्याचा अर्थ नव्हे.

आतांपर्यंत सांगितलें त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, आणि तो सांगितल्यावांचून हें विवेचन अपुरें राहील. स्पर्धेंत चकत्यांची किंमत आणि पारितोषिकाची किंमत एकाच मापानें वाढत नाहीं. समजा, चौघे उरले आहेत आणि बक्षिसें तीनच: एकंदर रकमेच्या शेंकडा ५०, ३० आणि २०. चौघांची पुंजी सारखी. तेव्हां प्रत्येकाच्या स्थितीची किंमत शेंकडा २५. आतां दोघांनीं सर्वस्व लावलें, एक गेला व दुसऱ्याची पुंजी दुप्पट झाली. त्याच्या स्थितीची किंमतहि दुप्पट, म्हणजे ५० झाली काय? नाहीं. चकत्यांच्या प्रमाणांत पहिला, दुसरा व तिसरा येण्याचे संभव धरून हिशेब केला तर ती ३८ च्या थोडी वर जाते. धोका २५ चा, लाभ सुमारें १३ चा. अशा वेळीं शंभरांत पासष्ट वेळां जिंकण्याची खात्री असल्याशिवाय सर्वस्वाचें आव्हान स्वीकारणें आतबट्ट्याचें ठरतें. ज्या स्पर्धांत पहिल्या दहांना सारखेंच बक्षीस असतें, तेथें अकराजण उरले असतां आणि कोणी दुसरा अगदीं शेवटच्या चकत्यांवर आला असतां, एक्क्यांची जोडीसुद्धां टाकून देणें कित्येकदां शहाणपणाचें असतें.

म्हणजे थांबण्यालाहि किंमत मिळते तर! होय, पण केव्हां? आपल्याहून क्षीण असा कोणी त्याच घटकेला कडेलोटाशीं उभा असेल आणि त्याच्या जाण्यानें आपल्याला प्रत्यक्ष लाभ होणार असेल तेव्हां. त्या थांबण्याला कारण असतें आणि मुदत असते. सर्वांत क्षीण आपणच असलों, आणि वाट पाहावयाची ती केवळ सुंदर पानांची, तर त्या थांबण्याला कारणहि नाहीं, मुदतहि नाहीं. दोन्ही बाहेरून सारखींच दिसतात. म्हणून स्वतःला विचारावें कीं, मी नेमकी कशाची वाट पाहत आहें? या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां आलें नाहीं, तर ती वाट पाहणें नसून भीति आहे असें समजावें.

आणि ही भीति हरण्याची असते असेंहि नाहीं. पुष्कळदां ती लाजेची असते. सर्वस्व लावलें, कोणीं स्वीकारलें, आणि टेबलावर आपली नव्वी-अठ्ठी उघडी पडली, तर लोक काय म्हणतील? ‘हीं काय पानें झालीं?’ असें कोणी तरी पुटपुटणारच. उलट फेरीमागून फेरी पानें टाकीत, हळूहळू क्षीण होत जो बाहेर पडतो, त्याला कोणी हंसत नाहीं; ‘बिचाऱ्याला पानेंच आलीं नाहींत’ म्हणून सारे हळहळतात. ही हळहळ फार गोड असते, आणि तिच्यासाठीं माणसें आपली शेवटची पुंजी खर्च करतात. प्रतिष्ठेनें झिजणें आणि हंसें होण्याचा धोका पत्करून उभें राहणें, यांत निवड करण्याची वेळ आली कीं बहुतेकजण झिजणें पत्करतात, आणि त्याला संयम हें नांव देतात.

सर्वस्व पणाला लावणें म्हटलें कीं आपल्याला युधिष्ठिर आठवतो, आणि तें योग्यच आहे. परंतु युधिष्ठिरानें केलें तें याच्या अगदीं उलट होतें. त्यानें एकदां विचार करून सर्वस्व लावलें नाहीं. धन लावलें, मग राज्य, मग भाऊ, मग स्वतः, आणि शेवटीं द्रौपदी. प्रत्येक पण मागच्या पणाची भरपाई करण्यासाठीं होता. कोठें थांबावयाचें हें त्यानें आधीं ठरविलें नव्हतें, फांसे टाकणारा शकुनि होता, आणि जें लावण्याचा त्याला अधिकार नव्हता तेंहि त्यानें लावलें. ज्या निर्णयाचें आज आपण वर्णन केलें, त्याची मर्यादा आधींच आंखलेली असते. प्रवेशाच्या वेळीं जें दिलें त्यापलीकडे एक कवडीहि जावयाची नाहीं, हें ज्याचें निश्चित आहे त्यालाच सर्वस्व लावण्याचें गणित शिकण्याचा हक्क आहे. ही मर्यादा जेथें नाहीं तेथें हें गणितहि नाहीं. तेथें फक्त व्यसन आहे.

शेवटीं एकच गोष्ट सांगावयाची राहिली. निर्णय बरोबर होता कीं चूक, हें निकालावरून ठरवूं नये. एक्क्यांची जोडीसुद्धां अगदीं कोणत्याहि दोन पानांसमोर शंभरांत पंधरा वेळां हरते. सत्तींची जोडी एक्का-राजासमोर पंचावन्न वेळां जिंकते, म्हणजे पंचेचाळीस वेळां हरतेच. योग्य वेळीं, योग्य जागेवरून, योग्य माणसासमोर लावलेली पुंजीहि पुष्कळदां जाईल, आणि खेळाडूला टेबलावरून उठावें लागेल. परंतु तो उठेल तो स्वतःच्या निर्णयानें खेळून. भाडें भरतां भरतां संपून नव्हे. घरांत मुलें सुटींत चिंचोके मांडून खेळावयास बसलीं, तर त्यांना पानांची श्रेष्ठ-कनिष्ठता शिकवाच; पण त्याबरोबर हेंहि दाखवा कीं, मूठभर चिंचोके उरले असतां त्यांचा धाक वाटतो, आणि दोनच उरले असतां त्यांकडे कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. लावावयाचे ते मूठ भरलेली असतांना लावावे.